अर्धवट उपचार आणि हट्टाचा आरोप

अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसासारख्या आहारविकाराची रुग्ण उपचार अर्ध्यावर टाकून घरी आली, म्हणजे रायपूरच्या तात्यापाऱ्यातील कोणत्याही मराठी बैठकीत निकाल ठरलेला असतो: पोरगी हट्टी, आईबापांनी लाडावून ठेवलेली, आता नागपूरला मावशीकडे हवापालटाला पाठवा. केसपेपरावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ हा शेरा पडून बापाची सही झाली, की दप्तरही तोच निकाल कायम करते.

या आरोपाचे खंडन 1944-45 मध्येच झालेले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी शरीरामनाने धडधाकट म्हणून निवडलेल्या 36 तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा तीच माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली, एकेका जेवणाला तासन्‌तास लावू लागली, चिडखोर आणि एकलकोंडी झाली. उपासमार जर निरोग्याच्याही बुद्धीला असे वेठीस धरते, तर रुग्णाच्या वर्तनाला हट्ट म्हणणे हे निदान नव्हे, केवळ शिवी होय.

मग मुली उपचार सोडून का जातात? उपाशी देहाला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर संकट ओढवते, सबब डॉक्टर प्रारंभी आहार बेताने वाढवतात; इकडे नातेवाइकांची तक्रार, की आठवडा झाला तरी पोरीला पोटभर वरणभातही देत नाहीत. पुढे अन्न लागू पडू लागले की घोट्यांवर पाणी साचते, पोट फुगते, आणि नेमकी तेव्हाच भेटीला आलेली काकू कौतुकाने म्हणते, “गाल भरले हो!” जिला भरण्याचेच भय, तिच्या कानी ते शिक्षेचे फर्मान पडते, त्याच रात्री “बाबा, मला घरी न्या” सुरू होते.

दुसरा आक्षेप 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर: स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला पुढील तपासणीसाठी 24 तासच थोपवता येते, म्हणून डॉक्टरांचे हात बांधलेले. मला तो अवधी तुटपुंजा वाटत नाही. त्यात सक्ती फारशी साधत नसली तरी संवाद साधतो, आणि तोच बहुधा झालेला नसतो. याच कायद्याने अल्पवयीन मुलीजवळ मात्र एका स्त्रीने अखेरपर्यंत राहिले पाहिजे. ती स्त्री बहुधा आई. तिची रजा संपते, धाकट्याची परीक्षा येते, घरचा स्वयंपाक अडतो, आणि शेरा पडतो तो मुलीच्या नावावर.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की सूज येणार हे दाखल करतानाच आईला आणि काकूलाही सांगावे, आईच्या बदलीला कोण बसणार हे तेव्हाच ठरवावे, आणि कुणी सही करून निघालेच, तर त्याच कागदावर पुढील आठवड्याच्या वजनाची व रक्ततपासणीची तारीख घालून द्यावी.