माशाची परीक्षा

ज्याला बोलता येत नाही त्याला बुद्धीही नसावी, अशी माणसाची जुनी समजूत आहे. त्यातही मासा फारच दुर्दैवी! कुत्रा शेपटी हलवतो, गाय हंबरते, पोपट शिकवलेले शब्द बोलतो. मासा मात्र ना साद घालतो, ना चेहऱ्यावर कसला भाव दाखवतो. माशाला तीन सेकंदांपूर्वीचेही आठवत नाही, अशी एक वदंता म्हणूनच जगभर पसरली असावी. काचेच्या लहानशा गोल भांड्यात एखाद्या माशाला जन्मभर फिरवत ठेवणाऱ्यांना ती फार सोयीची वाटते. माझ्या मते ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय अन्यायाचीही आहे.

मुक्या प्राण्याची परीक्षा घ्यावी तरी कशी? त्याला ज्या रीतीने उत्तर देता येईल, त्या रीतीने प्रश्न विचारावा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतील म्युनिक शहरी कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी हेच केले. माशांना रंग ओळखता येत नाहीत, असे तेथील एका नामांकित नेत्रतज्ज्ञांचे ठाम मत होते. फ्रिश यांनी काही लहान माशांना एका ठरावीक रंगापाशीच खाद्य देण्यास आरंभ केला. पुढे खाद्य नसतानाही ते मासे त्या रंगाकडे धाव घेऊ लागले. शेजारी करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटा ठेवल्या, तरी ते फसेनात. मासे बोलले नाहीत. पण त्यांनी उत्तर दिले.

भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांत तिरंदाज मासे आढळतात. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरील किड्याला ते तोंडातील पाण्याची चिळकांडी मारून खाली पाडतात. २०१६ साली ऑक्सफर्ड व क्वीन्सलँड विद्यापीठांतील संशोधकांनी या तिरंदाजीचा मोठ्या युक्तीने उपयोग केला. टाकीच्या वरील पडद्यावर दोन मानवी चेहरे दाखवायचे. ठरलेल्या चेहऱ्यावर चिळकांडी मारली तर खाद्य मिळे, दुसऱ्यावर मारली तर काहीच मिळत नसे. पुढे ओळखीचा चेहरा ४४ नव्या चेहऱ्यांच्या जोडीने दाखवला, तेव्हा या माशांचा नेम शंभरात सरासरी ८१ वेळांपर्यंत अचूक ठरला. साऱ्या माणसांचे नाक, डोळे, तोंड जागच्या जागीच असतात. तेव्हा हा भेद ओळखणे सोपे नव्हे. शिवाय सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा जो बाहेरचा थर बुद्धीचे आसन मानला जातो, तसा थर माशाच्या मेंदूला नसतो.

२०२२ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात याहून कठीण परीक्षा झाली. परीक्षार्थी होते ८ सिक्लिड मासे आणि गोड्या पाण्यातील ८ पाकट. त्यांना पाटीवर काही आकृत्या दाखवत. आकृत्या निळ्या असतील तर एक मिळवायचा, पिवळ्या असतील तर एक वजा करायचा, असा नियम होता. चार निळ्या आकृत्या दिसल्या, तर पाच आकृत्यांची पाटी बरोबर. चार पिवळ्या दिसल्या, तर तीनची. बरोबर पाटीपाशी खाद्य मिळे. सिक्लिडांपैकी ६ व पाकटांपैकी ४ हा नियम शिकले. शिकवताना मुद्दाम वगळलेली उदाहरणेही त्यांनी सोडवली.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे खाद्याच्या लोभाने घडले; त्यात बुद्धी कसली?’ लोभ होता हे खरे. परंतु लोभ केवळ धावायला लावतो. कोठे धावावे हे तो सांगत नाही. दोन आकृत्यांतील भेद पाहणे, कोणत्या आकृतीपाशी लाभ झाला हे स्मरणे आणि पुढच्या वेळी त्यानुसार निवड करणे, ही कामे बुद्धीचीच होत. मासा आपल्यासारखे गणित जाणतो, असे मात्र मी म्हणणार नाही. एक नियम शिकणे निराळे आणि अंकगणित जाणणे निराळे. माशाची थोरवी गाण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. जे सिद्ध झाले आहे तेवढे पुरेसे आहे.

मुलांनो, कोणाही जीवाला ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी आपण त्याला प्रश्न कसा विचारला, हे आधी तपासावे. वर्गात तोंडी प्रश्नाला गप्प राहणारा विद्यार्थी फळ्यावर आकृती काढून अचूक उत्तर देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. माणसाच्या बाबतीत जो न्याय, तोच माशाच्या बाबतीत का नसावा?

म्हणून घरी मासा पाळायचाच असेल, तर त्याला ऐसपैस टाकी, पाणवनस्पती आणि दगडांचा आडोसा द्या. मग रोज एकाच आकृतीपाशी थोडे खाद्य घाला, दुसरीपाशी घालू नका, आणि अधूनमधून दोन्ही आकृत्यांच्या जागा बदला. काही आठवड्यांनी खाद्य न घालता दोन्ही आकृत्या दाखवा आणि मासा कोठे वळतो ते स्वस्थपणे पाहा. त्याच्या उत्तराची वाट पाहण्याइतका धीर मात्र आपल्यापाशी हवा.