व्यंगचित्र आणि फौजदारी कलम

धर्मभावना दुखावल्याची फिर्याद घेऊन जमाव पोलीस ठाण्याच्या दारात उभा राहिला की, चित्र काढणाऱ्याच्या अथवा छापणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कायदा मात्र नेमका तोच प्रश्न प्रथम विचारतो. या विसंगतीकडे आम्ही सिल्वासातील सुज्ञ नागरिकांचे लक्ष वेधू इच्छितो. मराठी, गुजराती, वारली, कोकणा आणि कारखान्यांच्या ओढीने दूरदूरच्या प्रांतांतून आलेले लोक जेथे एकाच बाजारात वावरतात, तेथे एखाद्या चित्रावरून ठिणगी पडावयास वेळ लागत नाही.

भारतीय दंडविधानातील २९५ (अ) हे कलम परकी सरकारने १९२७ साली घातले. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या खटल्यात प्रकाशक राजपाल निर्दोष सुटले. त्यावरून उसळलेल्या क्षोभाचे ते अपत्य होय. कलम झाले तरी १९२९ साली राजपाल यांचा खून झालाच. पुढे १९५२ साली अलाहाबादच्या ‘अमृत पत्रिके’त गाढवाविषयी काही छापून आले व चळवळ उठली. त्या वादात लिहिलेल्या लेखाबद्दल ‘गौरक्षक’ मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांजवर खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने कलम वैध ठरविले; परंतु अनवधानाने वा निष्काळजीपणाने झालेला अपमान हा गुन्हा नव्हे, बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला अपमान तेवढाच गुन्हा होय, असे स्पष्ट बजावले. १ जुलै २०२४ पासून हे कलम न्यायसंहितेत २९९ या क्रमांकाने आले आहे. हेतूची अट तशीच आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादिका शिरीन दळवी यांनी जानेवारी २०१५ मध्ये, पॅरिसच्या हत्याकांडानंतर, एका बातमीसोबत ‘शार्ली एब्दो’चे मुखपृष्ठ छापले. त्यांनी लागलीच क्षमायाचना प्रसिद्ध केली. तथापि ठिकठिकाणी फिर्यादी झाल्या, मुंब्रा पोलिसांनी त्यांस अटक केली आणि ती आवृत्तीच बंद पडली. स्वतः मुस्लिम असलेल्या या बाईंचा हेतू आपल्याच धर्माची विटंबना करण्याचा होता, असे कोण म्हणेल? त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘लोकमत’च्या रविवार पुरवणीत इसिसला पैसा कोठून मिळतो, यावर लेख आला. सोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराच्या गल्ल्यावर त्या संघटनेची मुद्रा काढली होती. त्या मुद्रेत पवित्र अक्षरे आहेत, हे ध्यानात यावयास हवे होते. ही गफलतच होती व पत्राने माफीही मागितली. परंतु कार्यालयांवर हल्ले झाले ते झालेच.

सालाझारशाही संपून येथे २ ऑगस्ट १९५४ रोजी तिरंगा चढला. त्या राजवटीत छापावयाचा मजकूर आधी तपासनिसापुढे ठेवावा लागे. गोव्यात लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. तो तपासनीस गेला, परंतु जमावाच्या धाकाने संपादकाच्याच मनात दुसरा येऊन बसत असेल, तर आम्ही मिळविले काय? दमणास जन्मलेले मारिओ मिरांडा यांनी शाळकरी वयात पाद्र्यांची चित्रे काढली, तेव्हा त्यांस बोलणी खावी लागली. फौजदार मात्र आला नाही. पाद्री आणि जोगिणी पुढेही त्यांच्या चित्रांत निर्धास्त हिंडत राहिल्या. त्याने चर्चची एक वीटही हलली नाही.

भाविकाला राग येऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. त्याने लिहावे, सभा घ्यावी, पत्र घेणे बंद करावे, न्यायालयात जावे. आणि आधीच धास्तावलेल्या अल्पसंख्य शेजाऱ्याला खिजवून टाळ्या मिळविणे यात व्यंगचित्रकाराचाही पुरुषार्थ नाही, असे आमचे मत आहे. त्याचे बोट सत्तेकडे आणि ढोंगाकडे असावे. परंतु वाईट अभिरुची आणि अपराध यांत अंतर आहे. ते मोजण्याचे काम रस्त्यावरच्या घोषणांकडे सोपविता येत नाही.

ते कसे मोजावे, हे शेजारच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. गुजरातेत जामनगरला खासदार इम्रान प्रतापगढी यांजवर एका कवितेवरून गुन्हा नोंदला गेला होता. २८ मार्च २०२५ रोजी तो रद्द करताना न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी म्हटले की, तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत, शब्द वा चित्र हाच आरोपाचा आधार असेल तेव्हा, गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे योग्य. आणि ते शब्द सदैव असुरक्षित वाटणाऱ्या दुबळ्या मनाच्या कसोटीने नव्हे, तर समंजस व खंबीर माणसाच्या कसोटीने तोलावेत. या चौकशीस नव्या संहितेत चौदा दिवसांची मुदत आहे. सिल्वासाच्या ठाणेदारांनी पुढील फिर्याद येईल तेव्हा हे चौदा दिवस वापरावेत, व वरिष्ठांनी तशी लेखी सूचना आजच द्यावी, ही आमची मागणी आहे.