आधी तोल सावरू, काटा नंतर बघू

नर्स म्हणून हाडांच्या वॉर्डात काम करताना एक गोष्ट सारखी दिसायची. चाळिशी-पन्नाशीच्या, अंगाने जड बायका मनगट मोडून यायच्या. कुणी ओल्या मोरीत घसरलेली, कुणी माळ्याच्या शिडीवरून पडलेली. प्लास्टर निघेपर्यंत धुण्याभांड्याची कामं हातची गेलेली असायची. घरी सोडताना आम्ही एवढंच सांगायचो, "वजन कमी करा." आज वस्तीत काम करताना वाटतं, आमचं ते सांगणं अर्धवट होतं.

तोल सांभाळायचं काम डोळे, कानाचा आतला भाग, पायांचे सांधे आणि मेंदू मिळून करतात. पोट वाढलं की शरीराचा भार पुढे सरकतो. मग तोल राखायला मेंदूला जास्त लक्ष द्यावं लागतं. डोक्यात हप्त्याचा हिशोब चालू असला की नेमका तेव्हाच पाय चुकतो. म्हणून पाय आणि डोकं, दोघांनाही एकत्र सराव हवा.

२०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. त्यात लठ्ठपणा आहे आणि व्यायामाचा अभाव वेगळा मोजला आहे. म्हणजे काटा हलला नाही तरी व्यायाम वाया जात नाही. मांड्या बळकट होतात, तोल सुधारतो, लक्ष टिकायला मदत होते.

"दिवसभर राबतोच की!" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण वाकून भांडी घासल्याने कंबर दुखते, तोलाचा सराव होत नाही. त्यासाठी हे करा:

१. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठा-बसा. जमत नसेल तर सुरुवातीला हाताचा आधार घ्या.
२. भिंतीला हात लावून एका पायावर १० सेकंद उभ्या राहा, मग दुसऱ्या.
३. भिंतीलगत टाचेपुढे टाच ठेवत १० पावलं चाला.
४. हे जमलं की साध्या चालीने चालताना १०० पासून ३-३ कमी करत उलटे आकडे म्हणा, किंवा भाज्यांची नावं घ्या.

शिवाय आठवड्यात १५० मिनिटं जरा भरभर चाला. छातीत दुखणं, चक्कर, गुडघ्याला सूज किंवा वाढलेला बीपी असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

व्यायाम फुकट आहे, पण वेळ आणि जागा फुकट मिळत नाही. संध्याकाळी अर्धा तास विहाराचा हॉल बायकांसाठी मोकळा ठेवा, असं मी कार्यकर्त्यांना सांगते. आणि घरातल्या पुरुषांना सांगते, तेवढा वेळ भाजी तुम्ही चिरा. आई पडून अंथरुणाला खिळली, तर सगळाच स्वयंपाक तुमच्या गळ्यात येईल!