बटण दाबणाऱ्याचा काय दोष?

माझ्या लहानपणची गोष्ट. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. चौरंग मांडलेला, लाह्या-बत्तासे ठेवलेले, आईची निरांजने तयार. अण्णा म्हणाले, "बाळ्या, माजघरातला दिवा लाव रे." बाळ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, मोठ्या हौसेने बटण दाबले. लख्खकन उजेड पडला, टिच् असा आवाज झाला आणि माजघरात अंधार!

"ऐन लक्ष्मीच्या वेळी दिवा घालवलास? शंभरदा सांगितलं, बटणाशी खेळू नकोस!" अण्णा गरजले. बिचारा बाळ्या त्या रात्री करंजीलाही न शिवता झोपला.

वाचकहो, असा एखादा बाळ्या तुमच्याही घरात होऊन गेला असेल. यंदा त्याचा खटला पुन्हा चालवू. साक्षीदार एकच: दिव्यातली टंगस्टनची तार.

जुना पिवळा दिवा तासन् तास जळताना क्वचितच जाई. जाई तो बहुधा लावताक्षणी. असे का? 60 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर जळत असताना त्याची तार सुमारे 2500 अंश सेल्सिअस तापलेली असते. तेव्हा ती विजेला जो अडथळा करते, म्हणजे तिचा रोध, सुमारे 880 ओहम असतो. तीच तार थंड असताना हा रोध जेमतेम साठ-सत्तर ओहम भरतो! म्हणजे बटण दाबताच पाव अँपिअरच्या जागी तीन अँपिअरहून अधिक वीज आत घुसते. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तार तापते, रोध वाढतो आणि प्रवाह ताळ्यावर येतो. पण जुन्या दिव्याची तार कुठेतरी झिजून फारच बारीक झालेली असते. ती जागा बाकीच्या तारेआधी तापते आणि त्या पहिल्या लोंढ्यातच वितळून तुटते.

तापल्यावर रोध वाढतो कशाने? पंगत डोळ्यांसमोर आणा. माणसे नीट मांडी घालून बसली असली की वाढपी सरसर पुढे जातो. तीच डुलू लागली, हातवारे करू लागली, की तो पावलोपावली अडखळतो. धातूतले अणू ही पंगत आणि विद्युत्कण हे वाढपी. उष्णतेने अणूंची थरथर वाढते आणि विजेची वाट अवघड होते. तांब्याच्या तारेचा रोध तर दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो.

उलट, धातू थंड करीत गेले तर? 1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामेरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसाच झाला! आज इस्पितळांतल्या एमआरआय यंत्रांची मोठी चुंबके अशाच बिनरोधाच्या तारांवर चालतात.

पण सारेच पदार्थ धातूंसारखे वागत नाहीत. दिवाळीला आपण चांदीच्या भांड्यांवरचे काळे पुट घासून काढतो. ते बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड असते. 1833 साली मायकेल फॅरडे यांना आढळले की, हा पदार्थ तापवला की त्याचा रोध वाढण्याऐवजी घटतो. अशा अर्धवाहकांत थंडीत मोकळे वाढपीच थोडे असतात. उष्णता मिळाली की ते इतके वाढतात की पंगतीच्या धक्काबुक्कीला कोणी जुमानीत नाही. घरातल्या डिजिटल तापमापीच्या टोकाशी असाच एक कण बसवलेला असतो. रोध किती घटला यावरून ती ताप किती ते सांगते. एलईडी दिव्यातही अर्धवाहकच असतो. तापल्यावर तो अधिकच वीज ओढू पाहतो. म्हणून प्रवाहाला लगाम घालणारी जोडणी दिव्याच्या बुडाशीच केलेली असते.

तेव्हा निकाल उघड आहे. तार आधीच शेवटच्या घटका मोजीत होती. बाळ्याऐवजी खुद्द अण्णांनी बटण दाबले असते, तरी अंधारच झाला असता.

अण्णा आज नाहीत. बाळ्याला नातवंडे झाली आहेत. गेल्या दिवाळीत मी त्याला हे सारे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे दादा, माझी त्या दिवशीची करंजी अजून येणे आहे!"

आतून लगेच बशी आली.