यवतमाळची धूळ, ऊन आणि पूर: गाडीला कोणतं एअर इनटेक बसवायचं?

इन्स्टाग्रामवर गाड्यांचे दोन-तीन रील पाहिले की पुढचा रील हमखास एअर इनटेकचा येतो. बॉनेट उघडं, आत लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ‘घुऽऽऽ’ असा आवाज, आणि खाली कॅप्शन: पिकअप वाढवा, मायलेज वाढवा. एमएच-29 पासिंगच्या गाड्यांमध्येही आता हे किट दिसायला लागलंय. बरेच जण मला विचारतात, कोणतं घेऊ? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न हॉर्सपॉवरचा वाटतो, पण आपल्या जिल्ह्यात तो आधी धुळीचा आणि पाण्याचा आहे.

इनटेक नेमकं करतं काय?

इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि ती भरपूर लागते. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण 9 हजार लिटर हवा आत जाते. ही सगळी हवा एका फिल्टरमधून गाळून घ्यावी लागते. कंपनीच्या गाडीत त्यासाठी बंद प्लास्टिकचा डबा, आत कागदी फिल्टर आणि बाहेरची हवा ओढणारा पाइप असतो.

बाजारात याला मुख्यतः तीन पर्याय मिळतात.

पहिला, ड्रॉप-इन फिल्टर. डबा कंपनीचाच, आतला कागदी फिल्टर काढून तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा, धुऊन परत वापरता येणारा फिल्टर बसवायचा. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात कापसाचाच फिल्टर, हा योगायोग गमतीचाच!

दुसरा, शॉर्ट रॅम. डबा काढून टाकायचा आणि आखूड पाइपला उघडा शंकू फिल्टर लावायचा. हा इंजिनाच्या शेजारीच असतो.

तिसरा, कोल्ड एअर इनटेक. पाइप लांब नेऊन फिल्टर खाली, बंपरच्या मागे किंवा चाकाच्या वर बसवायचा, म्हणजे इंजिनाच्या गरमीपासून लांबची हवा मिळते.

ऊन: गणित साधं आहे

हवा गरम झाली की विरळ होते. ढोबळ हिशेब असा: हवेचं तापमान 3 अंशांनी वाढलं की तिची घनता सुमारे 1 टक्का कमी होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. हिवाळ्यातल्या 25 अंशांच्या दुपारच्या तुलनेत इंजिनाला तेवढ्याच जागेत 6 टक्क्यांच्या आसपास कमी हवा मिळते. उन्हाळ्यात गाडी ‘मरगळलेली’ वाटते, त्याचं एक कारण हे, आणि वरून एसीचा भार.

आता शॉर्ट रॅम बघा. बाहेर 45 अंश असताना ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची हवा 65 अंशांवर सहज जाऊ शकते. उघडा फिल्टर तीच हवा ओढतो. म्हणजे आणखी 6 टक्के तोटा, आणि तो नेमका उन्हाळ्यात, जेव्हा पिकअप हवा असतो. आवाज वाढतो म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच. कोल्ड एअर इनटेक इथे बरं. पण कंपनीचा पाइपही बहुतेक गाड्यांत बाहेरचीच हवा ओढतो, त्यामुळे मिळणारा फायदा थोडाच असतो.

मायलेजचं काय? अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत मायलेज फारसं बदललं नाही, पिकअप मात्र कमी झाला. कारण सोपं आहे. नेहमीच्या चालवण्यात हवा मुळात थ्रॉटलच अडवत असतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर हवेच्या हिशेबाने ठरवतो. चोंदलेल्या फिल्टरनेही मायलेज पडत नसेल, तर महागड्या फिल्टरने ते वाढेल कुठून?

धूळ: खरी लढाई इथे

वणीच्या कोळसा खाणींच्या रस्त्यावरून ट्रकच्या मागे गाडी चालवून बघा, किंवा हंगामात जिनिंगच्या आसपास. कोळशाची भुकटी, मातीचा फुफाटा, हवेत उडणारे कापसाचे तंतू, हे सगळं फिल्टरवर येतं. धुळीतले वाळूचे कण पोलादालाही ओरखडे पाडतात. फिल्टरमधून ते निसटले की पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासले जातात. हे एका दिवसात कळत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, तेव्हा कळतं, आणि तोवर गाडीचे हप्तेही संपलेले नसतात. टर्बो डिझेल असेल तर टर्बोची पातीही झिजतात.

फिल्टरचं एक तत्त्व लक्षात ठेवा: हवा जितकी मोकळी जाऊ द्यायची, तितकं बारीक धूळ अडवणं अवघड होतं. फिल्टर मोजण्यासाठी आयएसओ 5011 नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धत आहे. किट विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: या फिल्टरचा आयएसओ 5011 चा आकडा दाखवा. ‘फ्लो जास्त आहे’ हे उत्तर चालणार नाही, धूळ किती अडवली ते हवं.

आपल्या शेतातल्या ट्रॅक्टरकडे बघा. धुळीतच काम करायचं म्हणून त्याच्या इनटेकचं तोंड उंचावर असतं. अनेक ट्रॅक्टरमध्ये हवा आधी प्री-क्लीनरमध्ये गोल फिरते, जड धूळ तिथेच पडते आणि मग हवा मुख्य फिल्टरकडे जाते. धुळीसाठी मशीन बनवणाऱ्यांनी गाळणं वाढवलंय. उघडा शंकू त्यांनी बसवलेला नाही.

ड्रॉप-इन घेतलाच तर आणखी एक काळजी घ्या. धुतल्यावर तेल जास्त लावलं तर ते पुढे उडून हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर बसू शकतं, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागतो. फिल्टर पूर्ण वाळू द्या, तेल हिशेबात लावा.

पूर: कोल्ड एअरचा धोका

जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीने यवतमाळ शहरात घराघरांत पाणी शिरलं, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले. असा पाऊस रोज नसतो, पण नाल्यावरून गुडघाभर पाणी दर पावसाळ्यात वाहतं. कोल्ड एअर इनटेकचा फिल्टर नेमका खाली, बंपरजवळ असतो. त्याने पाणी ओढलं की ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात, आणि इंजिन उघडल्याशिवाय सुटका नसते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन अ‍ॅड-ऑन लागतो. आणि न कळवलेलं मॉडिफिकेशन निघालं तर क्लेमवर वेगळाच वाद.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत बदल करण्यावर बंधनं घालतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डब्यातला फिल्टर बदलणं ही सर्व्हिसिंग आहे. अख्खा डबा काढून आवाज वाढवणं वेगळं, तिथे तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.

पैसे टाकण्याआधी मोबाइलवर तपासा

ब्लूटूथ ओबीडी डोंगल काही शे रुपयांत मिळतो. तो स्टेअरिंगखालच्या पोर्टला लावा, अ‍ॅप जोडा आणि ‘इनटेक एअर टेम्परेचर’ बघा. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत चालत्या गाडीत, शेजारच्याला वाचायला सांगून, हा आकडा बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहा. फरक 6 अंश असेल तर जगातलं सगळ्यात भारी इनटेकही तुम्हाला 2 टक्क्यांहून जास्त थंड हवेचा फायदा देऊ शकत नाही.

मग घ्यायचं काय?

रोजच्या गाडीला कंपनीचा डबा आणि चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी कमी किलोमीटरचा वेगळा तक्ता असतो, आपल्याला तो लागू होतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात हवा मारू नका, कागद फाटतो. बदलताना डब्याच्या क्लिपा आणि रबर नीट बसलेत ना, हे स्वतः बघा. तिथली छोटीशी फटही धुळीला पुरते.

हौस असेल आणि फिल्टर धुवायचा कंटाळा नसेल तर ड्रॉप-इन. कोल्ड एअर ट्रॅकवर नेणाऱ्या दुसऱ्या गाडीला. आणि शॉर्ट रॅम? पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत मला तरी त्याला जागा दिसत नाही.