पिकअपच्या डॅशबोर्डवर नुसता दिवा नको, काटा हवा

मालवाहतुकीच्या धंद्यात आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून घाटावर जाणारी मच्छी असो, हंगामात वाशी मार्केटला जाणारा हापूस असो की भिवंडी-मालेगावचे कापड असो, स्टिअरिंगवर किंवा गॅरेजात आपला माणूस हमखास भेटतो. हमालीतून किंवा ड्रायव्हरीतून वर आलेला तरुण घरातले सोने मोडून, हप्ते अंगावर घेऊन एक डिझेल पिकअप उभी करतो. त्या एका गाडीवर सात-आठ माणसांचे पोट चालते.

अशी गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या महिन्यात तिच्यावर काय खर्च होतो ते पाहावे. पुढे जाळी, टपावर दिव्यांची रांग, कायद्याने बंदी असलेला सुरांचा हॉर्न, केबिनमध्ये मोठे स्पीकर, काचेवर माशाअल्लाहचे स्टिकर. स्टिकरबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या इंजिनावर सारा डोलारा उभा आहे, त्याच्या आत काय चालले आहे हे दाखवणारे दोन चांगले मीटर बसवायचे म्हटले की मालक हात आखडतो. ‘कंपनीने दिवा दिलाय की!’ हे त्याचे ठरलेले उत्तर असते.

हा दिवा काय सांगतो ते नीट समजून घेतले पाहिजे. डॅशबोर्डवरचा तांबडा ऑइलचा दिवा इंजिनावरच्या एका साध्या स्विचला जोडलेला असतो. बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेल्यावरच हा स्विच दिवा पेटवतो. भरलेली गाडी चढणीवर जोरात ओढत असताना हाच दाब साधारण तीन-चार बार असायला हवा. म्हणजे साडेतीनवरून एकवर दाब घसरला तरी दिवा गप्पच राहणार. ऑइलमध्ये डिझेल मिसळून ते पातळ झाले, चाळणी गाळाने भरली, बेअरिंग झिजले, तर दाब महिनोन्‌महिने हळूहळू उतरत असतो. त्यातली एकही गोष्ट दिवा सांगत नाही. तो पेटतो तेव्हा बहुधा बेअरिंगची वाट लागलेली असते.

पाण्याच्या काट्याचीही तीच कथा. आजच्या अनेक गाड्यांत कंपनीचा काटा मुद्दाम असा बांधलेला असतो की तापमान पंधरा-वीस अंशांनी वरखाली झाले तरी तो मधल्या रेघेवरून हलत नाही. गिऱ्हाइकाने उगाच शोरूमला चकरा मारू नयेत हा त्यामागचा हेतू. पण एप्रिल-मेच्या उन्हात बर्फ आणि मासळीचे वजन घेऊन आंबा घाट चढणाऱ्याला ते पंधरा अंशच महत्त्वाचे असतात. काटा हलेपर्यंत ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याची वेळ आलेली असते.

आता मीटर घ्यायचे तर कोणते? हल्ली तरुण मोबाइलवर अमेरिकेतल्या फोर्ड, डॉज, शेवरोले यांच्या डिझेल पिकअप पाहतात. तिथे काचेशेजारच्या खांबावर ओळीने तीन मीटर लावायची पद्धत आहे: टर्बोचा दाब, सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचे तापमान आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान. त्यांचे काम वेगळे. जड ट्रेलर ओढायचे, बहुतेकांचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, आणि इंजिनाची ताकद वाढवण्याचा शौक. आपल्याकडच्या बोलेरो, योद्धा, दोस्त या गाड्यांना हाताचा गिअर. तिथला तिसरा मीटर आपल्या उपयोगाचा नाही, आणि तसाच्या तसा सेट उचलून आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.

आमच्या मते आपल्या गाडीला पहिला मान ऑइल प्रेशरच्या मीटरचा आणि दुसरा अंश दाखवणाऱ्या पाण्याच्या मीटरचा. तिसरा व्होल्टमीटर. तो स्वस्त असतो आणि रात्रीच्या भाड्याला आल्टरनेटर दगा देणार असेल तर आधी सांगतो. चालू इंजिनावर काटा पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान असावा. जुने मिस्त्री त्याऐवजी अँपिअरचा मीटर सुचवतात. तो मात्र टाळावा. बॅटरीचा सगळा करंट जाडजूड वायरने डॅशबोर्डपर्यंत आणायचा आणि ती वायर कुठे घासली तर गाडी पेटायची, हा सौदा कशासाठी?

टर्बोचा मीटर चौथा. होजला चीर गेली किंवा एअर फिल्टर चोंदला तर गाडी काळा धूर टाकते, ओढत नाही आणि डिझेल खाते. मिस्त्री नोझल काढायला सांगतो, पंपवाल्याकडे पाठवतो. टर्बोचा दाब नेहमीपेक्षा कमी दिसला तर दोष हवेच्या वाटेवर आहे की डिझेलच्या, याचा अंदाज पाच मिनिटांत येतो. वायूच्या तापमानाचा मीटर मात्र ज्याने चिप लावून किंवा पंप वाढवून इंजिनाची ताकद वाढवली आहे त्यालाच अगत्याचा. त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवावा लागतो. टर्बोच्या पुढे बसवला तर भार असताना आकडा शंभर अंशांनी किंवा अधिक कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. टर्बोच्या आधी सातशे अंशांच्या जवळ काटा सतत राहत असेल तर पाय उचलावा. शिवाय मॅनिफोल्डला भोक पाडताना लोखंडाचा कीस टर्बोच्या पात्यांत गेला तर मीटर केवढ्याला पडला ते विचारू नका. टर्बो खोलून काम करणारा मिस्त्री असेल तरच हे काम द्यावे. आणि ज्याने चिप लावलेली नाही त्याने या मीटरचे पैसे डब्यात ठेवावेत.

खरेदीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण फसगत इथेच होते. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीत काश्मिरी गेटला मीटर ढिगाने मिळतात. चकचकीत निळ्या लाइटचा मीटर घ्यायचा आणि सेन्सर दुसऱ्या दुकानातून स्वस्तात, असे सर्रास चालते. विजेवर चालणारा मीटर आणि त्याचा सेन्सर हे एका मापाचे जोडीदार असतात. व्हीडीओ पद्धतीचे बहुतेक प्रेशर सेन्सर १० ते १८० ओहमचे, तर अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३ ओहमचे. म्हणजे एकात दाब वाढला की ओहम वाढतात, दुसऱ्यात कमी होतात. चुकीची जोडी लागली तर दाब चढताना काटा उतरेल! म्हणून मीटर आणि सेन्सर एकाच खोक्यातला, एकाच कंपनीचा घ्यावा आणि पक्के बिल मागावे.

दुसरी भानगड आट्यांची. सेन्सरचे आटे अमेरिकन एनपीटी असतात, ब्रिटिश बीएसपी असतात किंवा मिलिमीटरचे असतात. एक अष्टमांश इंचाच्या एनपीटीला इंचात २७ आटे आणि बीएसपीला २८. डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन-तीन फेरे सरळ बसतात, मग अडते. आपला गडी पान्याला पाइप लावून जोर काढतो आणि इंजिन ब्लॉकचे आटे जातात. योग्य ॲडॉप्टर शोधायला अर्धा दिवस गेला तरी चालेल. ब्लॉकमध्ये जोर लावू नये.

ऑइलचा दिवा तसाच ठेवून मीटर जोडण्यासाठी मूळ स्विचच्या जागी पितळी टी लावतात. त्या टीवर जड सेन्सर लोंबकळत ठेवला तर डिझेल इंजिनाच्या थरथरीने पितळेला तडा जातो आणि ऑइल रस्त्यावर सांडते. ज्या मीटरने इंजिन वाचवायचे त्यानेच ते मारायचे, असा प्रकार. टीपासून ऑइल सोसणारी मजबूत नळी काढून सेन्सर बॉडीवर पट्टीने घट्ट बसवावा. मात्र सेन्सर इंजिनावरून हलवला की त्याला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. इंजिनावर बसवलेल्या एकवायरी सेन्सरलाही टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळला की अर्थिंग तुटते आणि काटा वेडावाकडा नाचतो.

नळीतून थेट ऑइल आणणारा जुन्या पद्धतीचा मीटर विश्वासू खरा. वायर नको, ओहमची कटकट नको. पण गरम ऑइल केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी येते. प्लास्टिकची बारीक नळी मॅनिफोल्डजवळून नेली तर काय होईल हे सांगायला नको. केबिनसाठी आम्ही विजेचाच मीटर पसंत करू.

पाण्याचा सेन्सर इंजिनातून गरम पाणी बाहेर पडते त्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या आधी बसवावा. काही जण वरच्या रबरी होजमध्ये धातूचा तुकडा घालून त्यात बसवतात. सोपे आहे, पण रबरामुळे तिथेही अर्थिंग वेगळी द्यावी लागते, आणि थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत आकडा खोटा दिसतो. थर्मोस्टॅटवरून आठवले. ‘गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा आपल्या गॅरेजांतला लाडका उपाय आहे. तो उपाय नाही. इंजिन थंडच राहते, डिझेल जास्त लागते आणि मूळ रोग तसाच राहतो.

आणखी एक सावधगिरी. पाणी पूर्ण गळून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. ड्रायव्हरला वाटते, गाडी थंड झाली! काटा अचानक पडला तर तो चढल्याइतकाच धोका समजून गाडी बाजूला घ्यावी. सकाळी पाण्याची टाकी पाहण्याचे काम कोणताही मीटर करत नाही.

वायरिंग इग्निशनच्या लाइनवरून, दोन-तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच हवे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर कंपनीच्या सेन्सरच्या वायरला हात लावूच नये. मीटर तिथे जोडला तर कॉम्प्युटरला चुकीचा आकडा जातो आणि वॉरंटीचे भांडण वेगळे. या गाड्यांच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचे छोटे यंत्र मिळते. पाण्याचे तापमान, टर्बोचा दाब, व्होल्टेज त्यावर दिसते. ऑइलचा दाब मात्र बहुधा दिसत नाही, कारण कंपनीने तिथे स्विचच दिलेला असतो. त्यासाठी वेगळा मीटर हवाच.

पाण्याचा मीटर बसवण्याआधी सेन्सर अर्थिंगला जोडून उकळत्या चहाच्या पाण्यात बुडवून पाहावा. रत्नागिरीत काटा शंभरावर यायला हवा. महाबळेश्वरला उंचीमुळे पाणी चार-पाच अंश आधीच उकळते, तेव्हा तिथे मीटरला दोष देऊ नये.

मीटर बसल्यावर पहिला आठवडाभर आकडे वहीत लिहावेत: सकाळी स्टार्ट करताना, गरम इंजिन उभे असताना, सपाट रस्त्यावर, घाटमाथ्यावर. हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय दाब असा जुना ठोकताळा आहे, पण आपल्या गाडीचा स्वतःचा आकडा त्याहून मोलाचा. घाटमाथ्यावर नेहमी ५० दिसणारा काटा ४० दाखवू लागला की दिवा पेटण्याची वाट पाहायची नसते.

या वहीमागे आमचा आणखी एक हेतू आहे. घाटात इंजिन जाम झाले की मालक म्हणतो, ‘तू गरम गाडी पळवलीस.’ ड्रायव्हर म्हणतो, ‘मालक, मी दोन महिने सांगतोय, गाडी ओढत नाही.’ दोघांकडेही पुरावा नाही. इंजिन खोलले की बिल पाच आकड्यांत, पुरे काम निघाले तर सहा आकड्यांत, आणि त्यातला वाटा ड्रायव्हरच्या पगारातून महिन्या-महिन्याला कापला जातो. मशिदीत एका सफेत उभे राहणारे दोघे बोलेनासे होतात. गाडी ही ड्रायव्हरच्या हातातली अमानत आहे, हे मालक ठासून सांगतात. मग ती सांभाळायला लागणारे डोळे त्याला कोणी द्यायचे? ज्या गाडीत काटा नाही त्या गाडीच्या इंजिनासाठी पगार कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मीटर असेल, रोजच्या आकड्यावर ड्रायव्हरची सही असेल आणि तरीही त्याने काटा लाल रेघेत असताना गाडी हाणली, तर मालकाच्या बोलण्यात वजन येते.

मीटर लावला म्हणून दीड टनाच्या गाडीत तीन टन भरायला मोकळीक मिळत नाही, हेही मालकांनी लक्षात घ्यावे. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भाराचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार आहे. तो ड्रायव्हरच्या माथी मारण्याची चाल तर आणखी वाईट.

गॅरेजवाल्या बंधूंना एक सांगणे. ‘आवाजावरून कळतं, मीटर कशाला?’ असे उस्ताद लोक म्हणतात. उस्तादाचा कान आम्ही मानतो. पण उस्ताद गॅरेजात असतो आणि गाडी रात्री दोन वाजता घाटात. तिथे बावीस वर्षांचा पोरगा एकटा असतो. आपल्यातल्या वायरमन तरुणांनी आट्यांचे गेज, ओहम मोजायचा मल्टिमीटर आणि ॲडॉप्टरचा डबा एवढे भांडवल जमवून हेच काम नीट शिकून घेतले, लेखी बिल आणि सहा महिन्यांची हमी दिली, तर प्रत्येक ट्रान्सपोर्ट नाक्यावर त्यांना गिऱ्हाईक आहे. आंब्याच्या हंगामाआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, गाड्या रिकाम्या उभ्या असतात तेव्हा हे काम हाती घ्यावे.