आनुवंशिकतेचें शिक्षण कीं दैववादाची दीक्षा?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां त्यांची दहावीच्या वर्गांत शिकणारी मुलगी आईबाप, आजी व धाकटा भाऊ यांना ओळीनें बसवून त्यांच्या जिभा तपासतांना आढळली. शाळेनें तिला एक तक्ता भरण्यास सांगितलें होतें. जिभेच्या कडा वळवून नळी करतां येते कीं नाहीं, कानाची पाळी सुटी आहे कीं चिकटलेली, अंगठा मागें वळतो कीं नाहीं, असे त्यांत रकाने होते. मुलीला स्वतःला जीभ वळवितां येत होती; आईला येत नव्हती आणि वडिलांनाही येत नव्हती. वहींतील नियमाप्रमाणें जीभ वळविणें हा ‘प्रभावी’ गुण. तो दोघांपैकीं एकाही पालकांत नसेल तर अपत्यांत यावयाचा नाहीं. मुलगी गोंधळली. आजी हसल्या, वडील गप्प बसले. शेवटीं मुलीनें आपल्या नांवापुढील ‘येते’ हा शब्द खोडून ‘येत नाहीं’ असें लिहिलें. पुढें कळलें कीं त्या तक्त्यास पूर्ण गुण मिळाले.

हा दोष त्या मुलीचा नव्हे. नियमच खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचें शास्त्रज्ञांस सत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा १९१३ सालीं तयार करणारे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनीं १९४० सालीं जीभ वळविणें हा आनुवंशिक व प्रभावी गुण असावा असें सुचविलें. १९५२ सालीं मॅटलॉक यांनीं एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांपैकीं ७ जोड्यांत एकाला जीभ वळवितां येत होती व दुसऱ्याला येत नव्हती. स्टर्टेव्हंट यांनीं हा पुरावा मोकळेपणानें मान्य केला, आणि १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत, हें उदाहरण कांहीं पुस्तकांतून अजून सिद्ध म्हणून दिलेलें पाहून आपल्याला संकोच वाटतो, असें लिहिलें. ज्यानें मत मांडलें त्यानें तें टाकून दिलें. शाळेनें मात्र उचलून जपून ठेवलें. कानाच्या पाळीचीही तीच गत. सुटी आणि चिकटलेली या दोन टोकांच्या मधल्या सर्व अवस्था आढळतात आणि त्यांच्यामागें अनेक जनुकें असतात. निळ्या डोळ्यांच्या आईबापांनाही क्वचित् तपकिरी डोळ्यांचें मूल होऊं शकतें.

एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठीं इतका संताप कशाला, असें कोणी म्हणेल. क्षुल्लक गोष्ट जिभेची आहे. तिच्या आधारानें मनांत रुजणारी समजूत क्षुल्लक नाहीं. एक गुण, एक जनुक, आणि जनुक ठरवील तेंच होणार, हा धडा विद्यार्थी जिभेवरून शिकतो व बुद्धीला, स्वभावाला, दारिद्र्याला लावतो. हें केवळ आमचें भय नव्हे. हें घडून गेलेलें आहे. अमेरिकेंतील चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनीं १९०७ सालीं डोळ्यांच्या रंगाचा सोपा नियम मांडला, आणि १९१९ पर्यंत त्यांची मजल नौदलाच्या अधिकाऱ्यांची समुद्राची ओढही एका जनुकानें ठरते असें सांगण्यापर्यंत गेली. हें वाचून आज हसूं येतें. पण याच विचारसरणीच्या आधारानें ‘मंदबुद्धि’ ठरविलेल्या माणसांची सक्तीनें केलेली नसबंदी तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२७ सालीं कायदेशीर ठरविली आणि त्या देशांत साठ हजारांहून अधिक माणसें तिला बळी पडलीं. जर्मनींत १९३३ च्या कायद्याखालीं तीच आपत्ति सुमारें चार लाखांवर कोसळली.

त्या जर्मनीशीं आपल्या पुण्याचा एक संबंध आहे आणि तो अभिमानानें सांगण्यासारखा आहे. इरावती कर्वे १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमता वंशाप्रमाणें बदलते व युरोपीयांत ती विशेष असते, असें फिशर यांचें अनुमान होतें. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या आणि वंशाचा व त्या विषमतेचा संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष आपल्या प्रबंधांत लिहिला. परक्या देशांत, ज्या गुरूच्या हातीं पदवी होती त्याच्यासमोर, एका विद्यार्थिनीनें आपलें निरीक्षण खोडलें नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या मुलीला शाळेनें नेमकें याच्या उलट शिकविलें.

यावर शिक्षकांचा नेहमींचा आक्षेप असा कीं, मुलांना सोपें उदाहरण लागतें. आम्हांसही तें मान्य आहे. परंतु सोपें म्हणजे खोटें नव्हे, आणि सोपीं व खरीं उदाहरणें आपल्या दाराशीं आहेत. नंदुरबार व गडचिरोली या जिल्ह्यांत अनेक कुटुंबांना सिकलसेलचा आजार परिचयाचा आहे. तो एकाच जनुकांतील बदलानें होतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक. हें गणित समजलेला विद्यार्थी उद्यां स्वतःच्या विवाहाच्या वेळीं तें उपयोगांत आणील. शिवाय तोच बदल असूनही एकाचा आजार सौम्य व दुसऱ्याचा तीव्र असतो, हेंही त्याला येथेंच कळेल. तसेंच रक्तगटाचें. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत एक दुर्मिळ रक्तगट शोधला. त्याला ‘बॉम्बे’ हेंच नांव पडलें. त्या व्यक्तींचें रक्त साध्या तपासणींत ‘ओ’ दिसतें, पण ‘ए’ किंवा ‘बी’ चें जनुक त्यांच्यांत दडलेलें असूं शकतें, कारण दुसऱ्या एका जनुकाच्या अभावीं तें प्रकट होत नाहीं. अशा आईबापांच्या मुलाचा गट पाहून कोणी घाईनें संशय घेतला तर केवढा अन्याय होईल! एक जनुक दुसऱ्याच्या साहाय्यावांचून मुकें राहतें, हें शिकविण्यास याहून चांगलें उदाहरण कोणतें?

मेंडेल यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्यांनीं वाटाण्याच्या ३४ जाती पारखून, ज्यांतील भेद स्पष्ट दिसतो असे सात गुण निवडले. ही प्रयोगाची निवड होती. आम्हीं तिलाच सृष्टीचा नियम केलें. वाटाण्याच्या रंगांतही हिरव्या-पिवळ्याच्या मधल्या छटा असतात, हें वेल्डन यांनीं १९०२ सालींच दाखविलें होतें. माणसाच्या उंचीचें पाहा. २०२२ सालीं सुमारें ५४ लाख लोकांच्या पाहणींतून उंचीशीं संबंध असलेले बारा हजारांवर जनुकीय फरक सांपडले. उंची आनुवंशिक आहे यांत शंका नाहीं. तरीही नेदरलँड्समधील पुरुषांची सरासरी उंची दीडशें वर्षांत सुमारें वीस सेंटीमीटरनें वाढली. तेवढ्यांत जनुकें इतकीं बदललीं नाहींत. अन्न व आरोग्य बदललें. एकाच कणसाचे दाणे काळ्या रानांत व मुरमाड माळावर पेरून पाहणाऱ्या शेतकऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. फिनाइलकीटोन्यूरिया हा तर एकाच जनुकाचा विकार. पण जन्मतःच ओळखून आहार बदलला तर त्या बालकाची बुद्धि वांचते. आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे, हें याहून स्पष्ट कसें सांगावें?

असें शिकवितां येतें याचा थोडासा पुरावाही आहे. इंग्लंडांतील लीड्स विद्यापीठांत जेमिसन व रॅडिक यांनीं विद्यार्थ्यांना मेंडेलपासून आरंभ न करतां, जनुकें व परिस्थिति यांच्या परस्परसंबंधापासून आरंभ करून आनुवंशिकता शिकविली. त्यांचें निवेदन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. प्रयोग लहान होता, परंतु त्या विद्यार्थ्यांचा जनुकीय दैववाद कमी झाला. रूढ पद्धतीनें शिकलेल्यांचा होता तसाच राहिला.

आपल्या समाजांत तर ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे. ‘खाण तशी माती’ ही म्हण आपण सोयरिकीपासून नोकरीपर्यंत सर्वत्र वापरतों. ‘आमच्या घराण्यांत गणित नाहीं’ असें म्हणून मुलीचें पुस्तक मिटतों, आणि ‘त्यांच्या रक्तांतच नाहीं’ असें म्हणून दुसऱ्याच्या मुलाला दारांतूनच परत पाठवितों. जातीच्या अहंकाराला पूर्वीं पोथी पुरत असे. आतां त्याला अर्धवट शास्त्राचा टेकू मिळतो. हा टेकू शाळेनें तरी देऊं नये.

म्हणून जीभ, पाळी आणि अंगठा यांचे तक्ते वर्गांतून काढून टाकावे. दत्तक मुलाला किंवा पोरक्या मुलाला ‘आईबापांचें लिहून आण’ असें सांगणें किती निष्ठुर आहे, याचाही शिक्षकांनीं विचार करावा. आणि आमच्या स्नेह्यांनीं आपल्या मुलीस एवढेंच सांगावें कीं, वहींतला तो शब्द पुन्हां ‘येते’ असा लिही. गुण कमी झाले तरी चालतील.